पुतण्याच्या सायकलीला जामीन

गेल्या वर्षी ज्येष्ठ संपत आला होता तेव्हाची गोष्ट. तुकोबांची पालखी आमच्या वरवंडचा मुक्काम आटोपून पाटसमार्गे रोटी घाटाकडे गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी माझा पुतण्या ओसरीवर येऊन बसला. कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत तो पाळीवर काम करतो. वय सव्वीस. हा मुलगा माझ्याकडे आला म्हणजे एक तर कुठला तरी अर्ज भरायचा असतो, नाही तर वडिलांशी वाजलेलं असतं. त्या दिवशी दोन्ही होतं.

"काका, जामीनदार म्हणून तुमची सही पाहिजे."

अर्ज एका पतसंस्थेचा होता. रक्कम एक लाख चाळीस हजार. कर्जाचं कारण या रकान्यात एकच शब्द होता, सायकल. मला वाटलं, घाईत 'मोटार' लिहायचं राहिलं असेल. पण नाही, सायकलच. कार्बनची, म्हणे एका बोटावर उचलता येते अशी. पोरगं ट्रायथलॉन नावाच्या शर्यतीत उतरणार होतं. आधी पोहायचं, लगेच सायकल हाणायची आणि उतरल्या उतरल्या धावत सुटायचं, मध्ये घड्याळ थांबत नाही. कारखान्यातल्या एका साहेबांनी त्याला सांगितलं होतं, या खेळात यायचं तर दोन लाखांची तयारी ठेव.

एवढ्यात थोरले बंधू गोठ्यातून आले. त्यांचा हिशेब सरळ होता. "पवायला इहीर हाय, पळायला रान हाय, तुझ्या आजाची सायकल माळ्यावर हाय. दीड लाख कशापायी?"

मी बँकेत तीस वर्षं काढली. कर्ज देताना घ्यायची काळजी मी एका चुकीतून शिकलो, ती इथं सांगितली पाहिजे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका खेड्यातल्या शाखेत असताना एक दूधवाला सायकलसाठी कर्ज मागायला आला. तेव्हा १९७२ साली सुरू झालेली चार टक्के व्याजाची योजना चालू होती, काही शे रुपयांत त्याचं काम होत होतं. पण मार्चअखेर जवळ आली होती आणि उद्दिष्ट गाठायचं होतं. मी त्याला सायकलऐवजी मोपेडचं कर्ज घ्यायला लावलं, साध्या व्याजदराचं आणि कितीतरी मोठं. त्याला हवं होतं त्यापेक्षा जास्त मी त्याच्या गळ्यात घातलं. पुढे हप्ते थकले आणि ती मोपेड आमच्याच शाखेच्या मागच्या अंगणात गंजत उभी राहिली. तिच्या सीटवर कोंबडी बसायची. माझ्या एका कादंबरीत ती कोंबडी आली आहे, पण कर्ज मंजूर करणारा अधिकारी मी सोयीस्करपणे दुसऱ्या कुणाला केला होता.

तेव्हा सही करण्यापूर्वी मी हिशेब मांडला. एक लाख चाळीस हजार, चौदा टक्के, तीन वर्षं. महिन्याचा हप्ता ४,७८५ रुपये. तीन वर्षांत नुसतं व्याज ३२ हजारांच्या वर. म्हटलं, "बाळा, आधी या व्याजाएवढ्या पैशांत काय होतं ते पाहू. शर्यत पुरी करून ये. नंतरही ही सायकल हवी वाटली तर मी सही करीन." अर्ज मी टेबलाच्या खणात ठेवला.

ज्यांच्या घरात हा शब्द अजून पोचलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. २५ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेतल्या सॅन दिएगो शहरात मिशन बे नावाच्या खाडीकाठी ४६ हौशी माणसं जमली, तिथं या खेळाचा पाळणा हलला. पोहण्याचा टप्पा तेव्हा शेवटी होता, अंधार पडला, म्हणून मोटारींचे दिवे पाण्याकडे वळवून पोहणाऱ्यांना किनारा दाखवावा लागला. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी हवाईतल्या ओआहू बेटावर 'आयर्नमन' म्हणजे लोहपुरुष नावाची मोठी शर्यत झाली. पंधरा जण निघाले, बारा पोचले. पहिला आलेला गॉर्डन हॉलर टॅक्सी चालवत असे. दुसऱ्या आलेल्याच्या मदतनिसांजवळचं पाणी संपलं तेव्हा त्यांनी त्याला बिअर पाजली. अशा या खेळाला २००० साली सिडनीत ऑलिंपिकचा मान मिळाला. आपल्याकडे २०१५ साली मिलिंद सोमणनं पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिचची आयर्नमन पुरी केली तेव्हा हा शब्द घराघरांत गेला. कोल्हापूरच्या राजाराम तलावावर शर्यती होऊ लागल्या आणि ऑक्टोबर २०१९मध्ये गोव्यात मिरामारला अर्ध्या अंतराची आयर्नमन झाली.

पण पहिलटकरानं या लोखंडाच्या मागं लागू नये. 'स्प्रिंट' नावाचा छोटा प्रकार असतो. ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणं. आमच्या भागातल्या कुठल्याही धडधाकट पोराला चार-सहा महिन्यांच्या तयारीनं तो जमावा. पुतण्यानं हाच निवडला, पुण्यात तरण तलावात होणारा.

आता विहिरीची गोष्ट. आमच्याकडची पोरं सातव्या-आठव्या वर्षी पाठीला डबा बांधून विहिरीत ढकलली जातात आणि पोहायला शिकतात. पुतण्या मोटेच्या थारोळ्यावरून सूर मारणारा. त्यामुळे पोहण्यावर एक पैसाही घालवायचा नाही, असं त्याचं आणि त्याच्या वडिलांचं पहिल्यांदाच एकमत झालं. तो विहिरीत घाण्याच्या बैलासारखा गोल फिरे आणि फेऱ्या मोजी. पण विहिरीतलं पोहणं म्हणजे डोकं वर काढून हात मारणं. त्यात दोनशे मीटरमध्ये दम जातो. सरळ लांब पोहता यावं म्हणून एका दुपारी कोणाला न सांगता तो कालव्यात उतरला.

कालव्याला खडकवासल्याचं आवर्तन चालू होतं. वरून पाणी संथ दिसतं. दोन्ही काठ अस्तर केलेले, उतरते आणि शेवाळलेले, धरायला काडी नाही. उतरला तिथं बाहेर पडायला त्याला जमेना. पुढे एका पुलाजवळ म्हशी धुणाऱ्या माणसानं दावं फेकलं म्हणून तो वर आला. संध्याकाळी कोपर सोललेलं घेऊन माझ्यासमोर बसला होता. वडिलांना सांगू नका म्हणाला. मी सांगितलं.

म्हणून या खेळात सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त मोकळ्या हातानं पैसा कुठं घालायचा असेल तर तो तरण तलावाच्या फीवर आणि शिकवणाऱ्यावर. पुतण्या सुटीच्या दिवशी केडगावहून गाडी पकडून हडपसरला जाऊ लागला. तीन महिन्यांची फी आणि शिकवणी मिळून साडेचार हजार. पाण्यात तोंड घालून, कडेला मान वळवून श्वास घ्यायला त्याला पाच आठवडे लागले. पंचवीस मीटरच्या तलावात तीस खेपा मारल्या की ७५० मीटर होतात. पहिल्या दिवशी त्याला सहा जमल्या. विहिरीत सूर मारणाऱ्याचा सगळा तोरा तिथं उतरला, हा त्या फीतून झालेला वरचा फायदा.

बाकी पाण्यातलं सामान थोडं. चष्मा सहाशेचा घेतला. तो घेताना पट्टा न लावता नुसता डोळ्यांवर दाबून पाहावा. क्षणभर आपोआप चिकटून राहिला तर तो आपल्या चेहऱ्याचा, पडला तर दुसरा बघावा. एक टोपी, एक घट्ट चड्डी. दुकानदार रबरी पोहण्याचा सूटही दाखवतो आणि तो घातल्याशिवाय खेळाडू वाटत नाही अशी आपली समजूत करून देतो. तो सूट थंड देशांसाठी आहे. आयर्नमनच्या नियमाप्रमाणे पाणी साडेचोवीस अंशांपेक्षा गरम असेल तर तो घालून वयोगटाच्या बक्षिसाला पात्र राहता येत नाही. आपल्या बहुतेक तलावांत आणि समुद्रात बहुतेक दिवस पाणी त्याहून गरमच असतं, वर त्या सुटात अंग उकडतं ते वेगळंच. पंधरा-वीस हजार रुपये असे वाचतात.

आता सायकल. माझे एक जुने सहकारी पुण्यात राहतात. त्यांच्या चिरंजीवांनी २०२०च्या टाळेबंदीनंतर महागडी सायकल घेतली, आता ती दिवाणखान्याच्या भिंतीवर हुकाला टांगलेली आहे. पावसाळ्यात तिच्या दांडीवर टॉवेल वाळतात. अशा सायकली पुण्याच्या सोसायट्यांत, जिन्याखाली, पार्किंगमध्ये पुष्कळ आहेत. पुतण्यानं त्यातलीच एक साधी, सरळ हँडलची, गिअरची सायकल साडेआठ हजारांत आणली. मूळ मालकानं ती शंभर किलोमीटरसुद्धा चालवली नसावी.

जुनी सायकल घेताना रंग पाहू नये. आपल्या उंचीची आहे का हे आधी पाहावं, कारण मापाची चूक दुरुस्त होत नाही. जोडांपाशी तडा नाही ना, चिमटा वाकलेला नाही ना, चाक फिरवलं की डुलतं का, गिअर वरखाली होताना साखळी उडते का, ते पाहावं. बाकीचं सगळं गावातला सायकलवाला करतो. आमच्या सायकलवाल्यानं चाकांची आउट काढली, छर्रे बदलले, ब्रेकची रबरं नवी घातली आणि खडबडीत रुंद टायर काढून गुळगुळीत अरुंद टायर बसवले. खर्च चोवीसशे. नुसत्या टायरांनी आणि पुरेशा हवेनं सायकल अशी पळायला लागली, की पुतण्या म्हणाला, "काका, हिला इंजिन बसवलंय काय?" सीटची उंची आम्ही सायकलवाल्याच्या दुकानातच लावली. पायडल सगळ्यात खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. आमच्याकडे निम्मी माणसं सीट फार खाली ठेवतात आणि मग गुडघ्यांना तेल चोळतात.

कार्बनच्या सायकलीनं फरक पडत नाही असं मी म्हणणार नाही. पडतो. पण सपाट रस्त्यावर तिशीच्या वेगाला बहुतेक जोर वारा कापण्यात जातो आणि त्या वाऱ्याला सगळ्यात जास्त आडवं येतं ते सायकलस्वाराचं अंग. कोपरं वाकवून खाली झुकणं आणि फडफडणारा शर्ट न घालणं फुकट आहे. पायडलला अडकणारे खास बूट असतात, तेही पहिल्या शर्यतीला नकोत. थांबताना पाय सुटला नाही की माणूस उभ्याचा आडवा होतो. शिवाय साधे बूट असले की सायकलवरून उतरून त्याच बुटांनी धावत सुटता येतं.

हेल्मेटच्या बाबतीत मात्र काटकसर नको. रस्त्याकडेला दीड-दोनशेला मिळतं ते हेल्मेट नव्हे, ते टोपलं. प्रमाणित, डोक्याला घट्ट बसणारं सोळाशेला मिळालं. शर्यतीत हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावू देत नाहीत आणि सायकल जागेवर परत ठेवेपर्यंत तो काढू देत नाहीत. हँडलच्या दोन्ही टोकांना बुचं नसतील तरी अडवतात, कारण पडल्यावर ती उघडी नळी पोटात घुसते. पुतण्याच्या हँडलचं एक बूच हरवलं होतं, तिथं आम्ही बाटलीचं बूच ठोकून बसवलं. पंचांनी ते बोटानं दाबून पाहिलं आणि मान डोलावली.

आणि मागचा लाल दिवा. शर्यतीत त्याचा उपयोग नाही, पण शर्यतीआधीचे चार महिने पोरगं पहाटे सोलापूर हायवेच्या कडेनं पाटसच्या टोलनाक्यापर्यंत जाणार होतं. गळीत हंगामात त्या रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात, पैकी कित्येकांना मागे दिवा नसतो. त्यांना चुकवायला बाजूला सरणाऱ्या गाडीला काळोखातला सायकलवाला दिसायचा कसा? पुढचा-मागचा दिवा मिळून पाचशे रुपये. पुतण्या म्हणाला, पुढच्या पगाराला घेतो. ते पाचशे मी त्याच दिवशी दिले. सगळ्या खर्चात मी घातलेले पैसे तेवढेच.

धावायच्या बुटांवरून घरात दुसरं भांडण झालं. थोरल्या बंधूंनी लता करे यांचं नाव काढलं. बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये नऊवारीत अनवाणी धावून जिंकलेली ही वृद्ध शेतमजूर बाई. नवऱ्याच्या तपासण्यांना पैसे नव्हते म्हणून ती धावली. २०२० साली तिच्या आयुष्यावर चित्रपट आला, त्यात तिनंच स्वतःचं काम केलं. बंधूंचं म्हणणं, "ती बाय अनवाणी पहिली आली, तुला तीन हजाराचं बूट?"

मला हा दाखला लागला, कारण तो आपल्याकडे सर्रास दिला जातो. त्या बाई अनवाणी धावल्या, कारण त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. त्यांच्या लाचारीची आपण शिकवण करून टाकतो आणि ती दुसऱ्याच्या पोराला ऐकवतो. आठ तास कारखान्यात सिमेंटच्या फरशीवर उभं राहणारा मुलगा डांबरावर आठवड्याला तीस किलोमीटर धावणार असेल तर त्याला धड बूट पाहिजेत. पाय दुखावला तर पाळी बुडते आणि पाळी बुडाली तर पगार. बूट बत्तीसशेचे आले. दुपारनंतर, पाय थोडे सुजलेले असताना घेतले, पुढे अंगठ्याएवढी जागा ठेवून. शर्यतीच्या दिवशी कोरे बूट घालू नयेत हे मला त्याला सांगावं लागलं नाही. दरवर्षी पालखीच्या मुक्कामाला दवाखान्याच्या तंबूत पायांना फोड आलेले वारकरी तो बघतो. त्यांतले बरेच जण नव्या चपलांनी निघालेले असतात.

कपड्यांचं फारसं सांगण्यासारखं नाही. पोहण्यापासून धावण्यापर्यंत एकच अंगावर राहील असा खास सूट मिळतो, तीन-चार हजारांचा. पुतण्यानं पोहायची चड्डीच शेवटपर्यंत ठेवली, वर घट्ट बनियन चढवली आणि काखेत, मांड्यांना व्हॅसलीन चोपडलं. छातीवरचा क्रमांक लावायला पट्टा मिळतो. आमच्या वहिनींनी शिंप्याकडून इलॅस्टिक आणून तो घरी शिवला, उरलेल्या इलॅस्टिकच्या बुटाच्या नाड्या केल्या, म्हणजे गाठ मारायला नको. दोन टप्प्यांच्या मधली ही अदलाबदल पोरानं अंगणात रोज केली. बादलीत डोकं बुडवून ओल्या अंगानं धावत यायचं, हेल्मेट, बूट, सायकल. शेजारची पोरं घड्याळ लावायची. पंक्चरही त्यानं त्याच अंगणात शिकून घेतलं, कारण शर्यतीत बाहेरच्याची मदत चालत नाही. जादा ट्यूब, पंप, टायर उचकटायचे चमचे आणि सोल्यूशन यांना नऊशे रुपये. खायला राजगिऱ्याचा लाडू, बाटलीत लिंबू, मीठ, साखर. ताकदीच्या महागड्या पुड्या दीड-दोन तासांच्या शर्यतीला लागत नाहीत.

एका खर्चाला मात्र इलाज सापडला नाही, तो म्हणजे प्रवेश फी. तीन हजार रुपये. तीही छोट्या शर्यतीची, मोठ्या नावाच्या शर्यतींची याच्या कितीतरी पट. रस्ता बंद ठेवणं, पाण्यातले जीवरक्षक, रुग्णवाहिका, याला पैसे लागतात हे मला कळतं. पण आयोजक टीशर्ट, पदक, पिशवी आणि न्याहारी यांचेही त्यातच धरतात. पदक नको, फी निम्मी करा, असा एक रकाना अर्जावर असायला काय हरकत आहे? आमच्या तालुक्यात पोहणारी, सायकलवर दूध घालणारी, भरतीसाठी पहाटे धावणारी पोरं पायलीला पन्नास आहेत. ही तिन्ही कामं एकेक करून ती रोज करतातच. या खेळाला माणसं हवी असतील तर ती इथं आहेत. त्यांना दारातच दोन लाखांचा आकडा ऐकवला जातो आणि ती उलट्या पावली जातात. साहेबांनी पुतण्याला सांगितलं ते वाईट हेतूनं नव्हे, त्यांच्या ओळखीत सगळ्यांनी तेवढेच घातले असतील.

सगळी बेरीज २६,३५० रुपये झाली. त्यात सायकलचे साडेआठ हजार विकल्यास बरेचसे परत येण्यासारखे. म्हणजे त्या कर्जाच्या नुसत्या व्याजात ही शर्यत होऊन वर जवळजवळ सहा हजार उरत होते. मी हा हिशेब एका कागदावर लिहून अर्जालाच टाचून ठेवला आहे. जुनी सवय.

माघात शर्यत झाली. थोरले बंधू येणार नाही म्हणाले आणि पहाटे चारला स्वेटर घालून दारात उभे राहिले. पोहून पोरगं बाहेर आलं तेव्हा त्याच्या मागे मोजून सात माणसं होती. सायकलवर त्यानं बरेच गाठले. त्याच्या शेजारच्या स्टँडवर त्याला हवी होती तीच सायकल होती, हुबेहूब. तिचा मालक, पन्नाशीचे एक डॉक्टर, बाटलीच्या बुचाकडे पाहून हसले आणि मग पुतण्याच्या ढिल्या झालेल्या बाटलीच्या पिंजऱ्याला आपला पाना काढून दिला. तो शर्यत सुरू व्हायच्या आधी, नाही तर नियमात बसलं नसतं. एकूण वेळ एक तास चाळीस मिनिटं. बासष्ट जणांत अडतिसावा.

"अडतिसावा म्हंजे मागं चोवीस जण हुतं," बंधू परतीच्या वाटेवर यवतपर्यंत तीनदा म्हणाले.

अर्ज अजून माझ्या खणात आहे. पुतण्यानं तो मागितलेला नाही, टाकून द्या असंही म्हटलेलं नाही. सध्या तो कोल्हापूरच्या तलावाबद्दल विचारत असतो. सायकल शेडमध्ये असते. परवा पहाटे साडेपाचला मी फिरायला निघालो तर समोरून लाल दिवा लुकलुकत डेअरीकडे चालला होता. हँडलला दोन किटल्या, आणि सीट पोराच्याच उंचीची असल्यामुळे टाचा कशाबशा टेकवीत, आमचे थोरले बंधू.